लाईनच्या वेळेचा दिवा

नवा अहवाल वाचून संपला. मोर्शीजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत खुशालराव बाजेवर मान खाली घालून बसले होते. त्यांचा मुलगा कुलदीप गाडीला टेकून उभा होता. उघड्या डिकीत वडिलांची वळकटी त्याने सकाळीच ठेवली होती.

वाचणारा देवमन तहसील कार्यालयातला अव्वल कारकून. संध्याकाळी आभाळात तीन दिवे फिरतात, असा अर्ज खुशालरावांनी दिला, तेव्हा चौकशी त्याच्याकडेच आली. महिन्यापूर्वीच्या पहिल्या अहवालात त्यानेच लिहिले होते : ‘अर्जदाराने सांगितलेल्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळत नाहीत. वयोमानाने भास होत असावा.’ त्या एका ‘असावा’ने गाव हसले, आणि बाग ठेक्याने देऊन वडिलांना अकोल्याच्या फ्लॅटवर न्यायचे कुलदीपने ठरवले.

“साहेब, मले सोपं करून सांगा,” खुशालराव अखेर म्हणाले. “मी येडा हाओ का नाई?”

“नाई काका. चूक माही होती.” देवमनने खुशालरावांची नोंदवही उघडली. “तुमी घड्याळ पाहून लिवलं नाई. ‘लाईन आल्यावर दिसले’, ‘लाईन गेल्यावर दिसले’, असं लिवलं.”

“मंग? बागेत टाइम म्हंजे लाईनच. लाईन आली का मोटर, मोटर आली का पानी.”

“तेच. पन इजेची पाळी दर हप्त्याले बदलते, अन् म्या सगळ्या तारखाइले एकच पाळी लावली. परवा भावाच्या वावरात मोटर चालू कराले गेलो, तं लाईनच नाई. तवा समजलं. लाईनचे जुने तक्ते काढून पुन्हा मांडलं. तुमचे दिवे दरवेळी पावनेसातलेच निघाले. अमरावतीहून शिकाऊ पोरं इमान चालवते, तेच ते.”

“म्हंजे साधं इमान?”

“साधं इमान.”

एखाद्याला यात आभाळातले गूढ हरवल्यासारखे वाटले असते. खुशालरावांच्या सुरकुत्यांतून मात्र पालवी फुटावी तसे हसू उमलत गेले. त्यांनी देवमनचे दोन्ही हात हाती घेतले. “लई उपकार झाले, साहेब.”

देवमनला मान वर करवेना. एकतीस वर्षे त्याच्या कागदांनी माणसांकडून सह्या घेतल्या होत्या, पुरावे मागितले होते. एका माणसाला त्याचे डोळे परत देणारा हा पहिलाच कागद. आणि ज्याच्यावर अन्याय केला, तोच आभार मानत होता. त्या खरबरीत तळव्यांची ऊब त्याला पेन्शनहून मोठी वाटली.

“बाबा, हे ठीक हाये,” कुलदीप म्हणाला. “उद्या पुन्हा काई दिसन, मंग?”

“दिसन तं सांगीन. डोये काई गहान नाई ठेवले.”

तेवढ्यात संत्र्यांच्या शेंड्यांवरून घरघर आली. लाल, हिरवा, पांढरा. निळसर संधिप्रकाशात तीन ठिपके एकमेकांना धरून निघाले होते. देवमनने घड्याळ पाहिले, पावणेसात. खुशालरावांनी आभाळाकडे पाहिलेच नाही. ते मुलाच्या वर वळलेल्या चेहऱ्याकडे पाहत होते.

“दिसलं का तुले, कुलदीप?”

घरघर विरेपर्यंत कुलदीप तसाच उभा राहिला. मग डिकीतली वळकटी काढून त्याने काखेत धरली, आणि बागेतल्या वडिलांच्या खोपीकडे चालू लागला.