मैनाबाईचं लाल स्टूल

मी एक लाल प्लास्टिकचं स्टूल. हसताय काय? पनवेलच्या मासळीबाजारात येऊन बघा, मला केवढा मान आहे तो!

पूर्वी नव्हता. उरण नाक्यावरच्या दुकानातून काशीरामने मला कोळीवाड्यात आणलं. माळ्यावरचं काही काढायचं असलं, की माझ्यावर पाय! एरवी मी मोरीत, डोक्यावर बादली घेऊन. बसायला मला कोणी कधी घेतलंच नाही.

मग काशीरामची बायको मैनाबाई कॅन्सरच्या केमोने पार गळून गेली. केमो संपली, रिपोर्ट चांगले आले, पण अंगात त्राण नाही. बाजारातली तिची जागा शेजारीण भामा राखून होती. "नारली पुनवेला होड्या सुटतील. तवर ये गो, नायतर जागा दुसरी कुनी बलकावंल," ती म्हणायची.

मैनाबाई कसली ऐकते! जरा बरं वाटलं की भांडी, धुणं, कोलंबी सोलणं, सगळं एकदम. मग उद्या-परवा अंथरुणात. घरचे म्हणायचे, "पडून राहा." दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "दोन्ही नको. रोज थोडं चाला, आणि दमायच्या आधी बसा."

पण बसायचं कुठे? खाली बसलं तर उठवत नव्हतं. तेव्हा मी कामाला आलो! मला उचलून ती आधी दारापर्यंत गेली, मग हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत. माझ्यावर बसून भाजी निवडायची, कधी रडायचीही. "मेल्या, मना तूच आधार हायस रं," म्हणायची. मला इतकं बरं वाटायचं!

होड्या सुटल्या. बाजारात निघताना मात्र तिने मला दारातच ठेवलं. कोळणीने खाली पाटावर बसायचं. स्टुलावर बसून मासळी कोण विकतं? भामाने मला काखोटीला मारलं. "मी खाली बसून कापतंय, तू वर बसून इक. हसंल त्याचं दात पारीन!"

पहिले बोंबील विकले गेले. पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात. त्या विक्रीची नोट कपाळाला लावून मग मासळीच्या पाटीला लावायची. मैनाबाईने ती कपाळाला लावली, आणि वाकून पाटीच्या आधी माझ्या पायाला लावली. भामा रडत रडतच ओरडली, "ताजं बोंबील!"

आता माझा तो पाय चिरलाय, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलाय. मैनाबाई दमायच्या आधी घरी जाते, पण रोज येते. तुमच्याकडेही कोणी आजारातून उठत असेल, तर त्याच्या वाटेत एखादं स्टूल ठेवा हो.

बरं, सरका आता, गिऱ्हाईक आलं. आजची भवानी व्हायचीय, आणि ती नोट अजूनही आधी माझ्याच पायाला लागते!