मधली शिम

"भावजी, बंद करा ते इंजान!" अंबूबाई बांधावरूनच ओरडली.

विहिरीवरचं इंजिन धापा टाकत थांबलं. लालासाहेब घाम पुसत पुढं आले. "काय झालं, वैनी?"

"ठोकतंय ते. ऐकू येत न्हाई व्हय?"

कवठे महांकाळच्या त्या साऱ्या शिवाराला ऐकू येत होतं. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा इंजिन खालच्या टप्प्यावर उतरवायला घेतलं होतं. साखळी निसटली. खाली उभा असलेला फिटर आप्पासो, अंबूबाईचा नवरा, इंजिनाखाली सापडून गेला. पुढच्या साली पाऊस झाला, इंजिन वर आलं. पण ते उघडायला कुणी धजलं नाही.

अंबूबाईला त्या ठोक्यांत आप्पासोची हातोडी ऐकू यायची. ओसरीवर बसून तो पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा ठोकून सपाट करायचा, ती कातरून द्यायची. दोन भागांत हवी तेवढीच फट राखणारा तो तुकडा म्हणजे शिम. मग घरात सगळ्यालाच शिम म्हणायची सवय लागली. डुगडुगत्या खाटेखालची खापरी शिम, जावाजावांच्या भांडणात मधे बसणारी सासूही शिम. "आन तू?" तो हसायचा. "माझ्यात आन माझ्या रागात शिम तूच की गं!"

आता भाकरी थापताना ठोका आला, की ती "आले" म्हणून उठायची. ओसरी रिकामी असायची.

"पाना घ्या," ती म्हणाली.

"वैनी, ह्या इंजानाला तुमी हात लावणार?"

"बेरिंग झिजलंय. त्येच्या दोन अर्ध्या वाट्यांमधली एक शिम कमी केली की धरंल. तुमी नट सोडा."

लालासाहेबांनी एकेक नट सोडला. तेलानं काळी झालेली शिम तिनं नखानं सोडवली. एका कडेला कातर तिरकी गेली होती. तिचीच. तिनं ती पदराला पुसली, बराच वेळ बघत राहिली, मग कनवटीला खोचली.

नट आवळले. लालासाहेबांनी हँडल मारलं. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"बसलं की वो!" ते म्हणाले. "आप्पासो असता तर..."

"चालू ऱ्हाऊ द्या. मका वाळतोय."

ती बांधानं घराकडं निघाली. हातोडी कुठंच वाजत नव्हती. अर्ध्या वाटेत तिला मागं ओळखीची पावलं जाणवली. तिनं वळून पाहिलं नाही. बांध अरुंद होता. एक पाय खाली सरीत टाकून, पदर आवरून ती बाजूला झाली आणि माणूस पुढं निघून जाईल इतका वेळ तशीच उभी राहिली.