तांबड्या रेघेखालचं नाव

मित्रांनो, मी लोहारा तालुक्यातल्या एका शाळेचं जुनं दाखल रजिस्टर आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येक लेकराचं नाव आधी माझ्या पानावर यायचं, मग त्याच्या पाटीवर.

सोलापूरच्या एका बाईंडरनं मला जाड दोऱ्यानं शिवलं, खळ लावून कापड चढवलं. गुरुजी दौतीत टाक बुडवून विचारायचे, "जन्म कधीचा?"

"ज्वारी काढणीला आली होती तवा," एखादी आई सांगायची. गुरुजी हसून एक जून लिहायचे. माझ्या पोटात निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलंय! मध्येच शाळा सुटली, की त्या नावावर तांबडी रेघ यायची. ती मारताना गुरुजींचा हात जड व्हायचा. मला कळायचं.

पुढं माझी पानं भरली. कुणीतरी नावं संगणकात उतरवून घेतली. छापील यादी ऐटीत कपाटात बसली आणि मी लोखंडी पेटीत, लेझमांच्या खाली. कसर माझ्या कडा खात राहिली.

यंदा पंचमीला कस्तुराबाई माहेरी आल्या; घरी काय घडलं ते मला मागाहून कळलं. त्यांची नात निकिता घराण्याची वंशावळ लिहीत होती.

"माझ्या नावाम्होरं लिही, शाळंत होते म्हणून," आजी म्हणाल्या.

धाकटे भाऊ ज्ञानोबा खो खो हसले. "अक्का, अंगठा उठवतीस तू! कंच्या कालेजात होतीस?"

"वहीत नाव हाय माझं. डोळं मिटायच्या आत एकदा बघू द्या."

तिघंही शाळेत आली. शाळेतल्या प्रीती मॅडमनी छापील यादी दोनदा चाळली. नाव नव्हतं.

"बघ, म्या म्हणलं नव्हतं?" ज्ञानोबा म्हणाले. आजी पदर सावरून उठल्या.

"मॅडम, मूळ रजिस्टर असंल की," निकिता म्हणाली.

किती वर्षांनी मला उजेड दिसला! निकिताचं बोट ओळीओळीवरून उतरत एका तांबड्या रेघेपाशी थांबलं. खाली नाव होतं, कस्तुरा. यादी करणाऱ्यानं रेघ मारलेली नावं रद्द समजून गाळली होती.

निकितानं शेरा मोठ्यानं वाचला, "हजेरी तीन महिने. मुलगी हुशार. धाकटा भाऊ ज्ञानोबा यास सांभाळण्यासाठी घरच्यांनी शाळा सोडवली."

ज्ञानोबांनी टोपी काढून हातात घेतली. "अक्का... कधी बोलली न्हायस गं."

"काय बोलायचं? तू लई रडका होतास."

मग त्या माझ्यावर वाकल्या. "निकी, ह्यात माझं नाव कंचं?" नातीनं त्यांचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं.

आता मी स्वच्छ फडक्यात, कपाटात असते. मित्रांनो, नकला खुशाल करा, पण मूळ पान टाकू नका. उतरवताना कुणीतरी सुटतंच. आणि कधी मला उघडलंत, तर त्या ओळीवर हळदीचा एक ठसा दिसेल. पंचमीचा स्वयंपाक करून आलेल्या बोटाचा आहे. तेवढा पुसू नका.