उघड्या डोळ्यांचा एबल

मी जोसाया ट्रँटरच्या दुकानातला तांब्याचा पत्रा बोलतोय. अंगभर चरे आहेत म्हणून हसू नका. त्यांत शाई भरून वर कागद दाबला, की चित्र उमटतं.

आमच्या लंडनची एक खोड सांगतो. मोज्यांविना, नुसत्या मुठींची झुंज बुधवारी असली, तरी तिचं चित्र सोमवारीच कोरून तयार! झुंज बघून माणसं संध्याकाळी परतताना हातात पडायला हवं ना. जोसायाने माझ्यावर आपला मेहुणा एबल जिंकलेला कोरला. मुठी वर, डोळे टक्क उघडे, आणि पायाशी त्याचा प्रतिस्पर्धी ओबेद क्रॅग आडवा.

"अहो, दादा हरला तर?" केझायाने नवऱ्याला विचारलं.

"काहीतरी शुभ बोल गं!" तो करवादला.

बुधवारी मला पिशवीत टाकून त्याने झुंजीच्या कुरणावर नेलं. कपड्यांचे बारकावे तिथेच कोरायचे होते. एबलला सावरायला त्याच्या कोपऱ्यात जोसायाच उभा होता. कुणी पडला की फेरी संपायची. अर्ध्या मिनिटात मधल्या रेघेवर यायचं, नाहीतर हार. आणि कोपऱ्यातल्या माणसाने टोपी वर फेकली, तर हार मानून तिथेच झुंज बंद.

एकतिसाव्या फेरीला एबलचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. क्रॅग समोर आणि हा भलतीकडेच मुठी मारतोय!

"अरे आंधळ्या, इकडे उभाय तुझा बाप!" गर्दी खिदळली.

दोराबाहेरून केझाया ओरडली, "टोपी फेका! अहो, माझा भाऊ जाईल!"

जोसायाचा हात टोपीकडे गेला. मग त्याची नजर पिशवीत, माझ्यावर पडली. फेक रे बाबा, फेक, मी मनात आक्रोश करत होतो. पण पत्र्याचं कोण ऐकतं?

"दाजी, सूज चिरा," एबल धापा टाकत म्हणाला. "थोडं तरी दिसेल."

टोपी डोक्यावरच राहिली. जोसायाने पिशवीतून कोरणी काढली. माझ्यावर ते डोळे जिने कोरले, तीच. घाईत हात घसरला. ती दोन्ही डोळ्यांत खोल गेली. रक्ताखाली एबलला काहीच दिसेना, तरी तो चाचपडत रेघेवर गेला, क्रॅगला कवेत घेतलं आणि त्याच्यासकट कोसळला. क्रॅग खाली सापडला. तो काही अर्ध्या मिनिटात उठला नाही.

एबल जिंकला! माझं चित्र खरं ठरलं, आणि त्या संध्याकाळी चित्रावर नुसती झुंबड उडाली. माझी मात्र मला शिसारी आली.

महिन्याने केझाया भावाला हात धरून दुकानात घेऊन आली. पट्टी सुटली होती. डोळे मात्र कायमचे मिटले होते.

"दाजी, चित्रात माझे डोळे कसे आहेत?"

"उघडे," केझायाच म्हणाली.

"मग तो मी नव्हे. नीट करा."

जोसायाने चरे बुजवायला मला मागून ठोकलं, पुढून घासलं आणि तिथे मिटलेले डोळे कोरले. त्याच्या आसवांनी मी ओला झालो.

तेव्हापासून मी खिडकीत उभा आहे. गिऱ्हाईकं येतात, "जिंकलेला माणूस असा कुठे असतो?" म्हणतात आणि शेजारचं चित्र घेऊन जातात. तुम्ही तरी थांबा. असाच असतो, हो. मी तिथे होतो.