तलावाच्या दारातला शॉवर

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर आहात. समोर निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव आहे. वर पत्र्याचं छप्पर आहे. कुणीतरी पाण्यात धपकन उडी मारतं आणि तो आवाज छपराला आपटून दुप्पट होतो. तुम्हालाही राहवत नाही, तुम्ही पळत सुटता. थांबा! दारातून आत येताना उजव्या हाताला, भिंतीवर कोण आहे ते पाहिलंत? नाही ना? कुणीच पाहत नाही.

तो मी. मी एक जुना शॉवर आहे.

एका कारखान्यात पितळेच्या नळीला वाक देऊन मला घडवलं. डोक्याला चाळणीसारखी बारीक भोकं पाडली आणि वरून चकचकीत मुलामा चढवला. तपासणी करणाऱ्या बाईंनी पाणी सोडून पाहिलं. ‘छान, अगदी सरळ बरसतो,’ असं म्हणून त्यांनी मला खोक्यात घातलं. ते एवढंसं कौतुक मी पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

मला वाटायचं, आपण एखाद्या घरात जाऊ, आपल्याखाली कुणी गाणी म्हणेल. पण मला लावलं ते या तलावाच्या दारात, आणि शेजारी पाटी ठोकली, ‘पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी.’ पाटी वाचून मलाच कोडं पडलं. पाण्यात जाण्याआधी पाण्याखाली कशाला उभं राहायचं? पण नव्याची नवलाई होती. मुलं माझ्याखाली रांग लावायची, तोंड वर करून माझं पाणी झेलायची. मी खूश होतो.

हळूहळू रांग आटली. काही जण घाईघाईत पायाचा अंगठा तेवढा ओला करायचे. काही जण नुसते माझ्याकडे पाहून मान हलवायचे, जणू ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला. इमारतीच्या समितीचे सचिव तर संध्याकाळी बॅडमिंटन खेळून, घामाने निथळत यायचे. घामट शर्ट काढून माझ्या नळावर टांगायचे आणि थेट पाण्यात.

“काका, अंघोळ?” तलाव सांभाळणारे मामा विचारायचे.

“अहो, सकाळी घरून करून निघालोय! आणि जंतू मारायचं औषध घालता ना तुम्ही पाण्यात? मग ते काय कामाचं?”

मामांनाही ते पटायचं. पाण्याला औषधाचा वास सणसणीत आला की मामांना बरं वाटायचं. साऱ्या इमारतीचीच तशी समजूत होती. जितका उग्र वास, तितकं पाणी स्वच्छ! नाक चोळत, लाल डोळ्यांनी माणसं म्हणायची, “वा, आज औषध भरपूर आहे हं!”

माझ्या भोकांत क्षार साचले. मी टॉवेल अडकवायची खुंटी होऊन बसलो.

अशा दिवसांत टिटवी आणि तिची आजी तलावावर येऊ लागल्या. टिटवी हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. ती दिवसभर ‘हे असं का? ते तसं का?’ अशी ओरडत असते, म्हणून आजीनेच ठेवलेलं ते टोपणनाव. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जमिनीवर तिला चार पावलं टाकतानाही कळ यायची, पण पाण्यात शरीर हलकं होतं. म्हणून डॉक्टरांनी तिला रोज पाण्यात चालायला सांगितलं होतं. आजी घरूनच गुडघ्याला तेल चोळून यायची, माझ्यासमोरून भिंत धरत धरत पुढे जायची आणि उथळ बाजूने पाण्यात उतरायची. टिटवी तिचा हात धरून उलटी चालायची. पहिल्यांदा आजी काठ न धरता पलीकडे पोहोचली, तेव्हा टिटवीने अशी किंकाळी फोडली की मामा शिट्टी फुंकत धावले.

मग एका रविवारी संध्याकाळी भांडण झालं. पाणी गढूळ दिसत होतं, मुलं डोळे चोळत होती. सचिव काठावर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “वास बघा केवढा येतोय! म्हणजे औषध भरपूर आहे. मग पाणी खराब होतंय कशाने?”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आजीच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते तेलाने चकाकत होते. मग सगळ्यांनीच पाहिलं. पाण्यावर तेलाचा एक पातळ तवंगही तरंगत होता.

टॉवेल खांद्यावर घेऊन आजी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दारावर कागद चिकटवला गेला, ‘अंगाला तेल लावून येणाऱ्यांस प्रवेश नाही.’

सोमवारी तलाव बंद असतो. त्या दिवशी मामा तळ घासतात, पाणी गाळतात आणि आठवड्यातलं सगळ्यांत जास्त औषध घालतात. मंगळवारी सकाळी तलाव उघडला, तेव्हा टिटवी एकटीच आली. काठावर पालथी पडली आणि नाक पाण्याला टेकेल इतकं खाली नेलं.

“ए, पडशील!” मामा ओरडले.

“मामा, वास का येत नाहीये?”

“येत नाही? अरेच्चा! कालच तर घातलंय औषध. अजून थोडं घालतो.”

“थांबा, थांबा! काल जास्त औषध घातलं, तर आज वास जास्त यायला हवा ना? मग तो रविवारी का येतो?”

मामांनी डोकं खाजवलं. मीही विचारात पडलो. इतकी वर्षं मी दारात उभा, मंगळवारची हवा आणि रविवारची हवा दर आठवड्याला माझ्या अंगावरून जाते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“सोमवारी कुणी पोहत नाही,” टिटवी स्वतःशीच बोलत होती. “रविवारी सगळे पोहतात. म्हणजे वास औषधाचा नाहीच. वास आपला आहे!”

“आपला? काहीतरीच काय!” मामा हसले. पण उत्सुकता त्यांनाही लागली. दोघांनी तलावाच्या ताज्या पाण्याने दोन बादल्या भरल्या. एक तशीच ठेवली. दुसरीत काय घालायचं? टिटवीने इकडेतिकडे पाहिलं. सचिव आदल्या रविवारी घामट शर्ट माझ्या नळावरच विसरून गेले होते. तिने तो दोन बोटांनी उचलला, नाक मुरडलं आणि बादलीत बुचकळला. बादल्यांवर झाकणं ठेवून दोघं संध्याकाळची वाट पाहू लागले.

संध्याकाळी माणसं आली, तेव्हा टिटवीने शर्ट काढून पिळून ठेवला होता आणि दोन्ही बादल्या दारात मांडल्या होत्या. “सगळ्यांनी वास घ्या आणि सांगा, कुठल्या बादलीत औषध जास्त आहे?”

“परीक्षा आहे का आमची?” काकू म्हणाल्या, पण वाकल्या. “ह्यात! नाक झोंबलं बाई.”

सचिवांनी दोन्ही बादल्या हुंगल्या आणि जाणकाराच्या थाटात बोट दाखवलं. “ही दुसरी. हिच्यात निदान दुप्पट औषध आहे.”

“औषध दोन्हीत सारखंच आहे, काका,” टिटवी म्हणाली. “हिच्यात फक्त तुमचा शर्ट जास्त आहे.”

काकू अशा हसू लागल्या की त्यांना भिंत धरावी लागली. सचिवांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा एकदा बादली हुंगली, शर्टाकडे पाहिलं आणि शेवटी तेही हसले.

मित्रांनो, गोष्ट अशी आहे. औषध स्वच्छ पाण्यात शांत असतं. आपण घाम आणि मळ घेऊन उतरलो, कुणी पाण्यातच शू केली, की औषध त्यांच्याशी झुंजतं. डोळे झोंबवणारा तो उग्र वास त्या झुंजीचा असतो. अंघोळ करून उतरलं, तर औषधाचं निम्मं काम आपणच केलेलं असतं. माझ्या शेजारच्या पाटीचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

“आणि आजींचं तेल?” काकूंनी विचारलं.

टिटवी जरा अडखळली. “तवंग त्याचाच होता,” ती खाली बघत म्हणाली. “पण वास सगळ्यांचा होता.”

दारावरचा तो कागद सचिवांनी स्वतःच्या हाताने काढला. मामांनी सुई घेऊन माझं एकेक भोक मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे रांग लागली, आणि टिटवी आजीचा हात धरून तिला घेऊन आली. शाळेतून ती थेट आजीला आणायला गेली होती, अंगावर गणवेश तसाच होता.

पण माझ्यासमोर येताच आजी थबकली.

“मी नाही ह्याच्याखाली उभी राहायची. चल घरी.”

“अगं आजी, सगळे करतात! एवढा साधा नियम...” टिटवी बोलता बोलता थांबली. साऱ्या जगाला ‘का’ विचारणाऱ्या त्या मुलीने हा एक ‘का’ विचारलाच नव्हता. “का गं, आजी?”

आजीने रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “न्हाणीघरात, शॉवरखालीच पाय घसरला होता माझा. तेव्हाच तर गुडघा मोडला. पायाखाली ओली फरशी, डोळ्यांवर पाणी, धरायला काही नाही... भीती वाटते गं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणी विचारलं होतं?”

मित्रांनो, तलाव सगळ्यांचा असतो, म्हणून त्याचे नियम सगळ्यांनी पाळावेत. हे तर मी सांगणारच, माझं कामच ते. पण कुणी एखादा नियम पाळत नसेल, तर कागद चिकटवण्याआधी त्याच्यापाशी जा आणि विचारा. कदाचित तो आळशी असेल. कदाचित त्याला भीती वाटत असेल. विचारल्याशिवाय कसं कळणार?

टिटवी धावत गेली आणि मामांची प्लास्टिकची खुर्ची ओढत घेऊन आली. ती माझ्या बरोब्बर खाली, भिंतीला टेकवून ठेवली. आधी गणवेशासकट स्वतः तिच्यात बसली, डावीउजवीकडे जोरजोरात हलून पाहिलं. “बघ, सरकत नाही!” मग उठून तिने आजीला बसवलं. माझा नळ अगदी हलकेच फिरवला. पहिलं पाणी आजीच्या अंगावर पडू दिलं नाही. ते स्वतःच्या ओंजळीत घेतलं, फार गार नाही ना ते पाहिलं आणि आजीच्या गुडघ्यावर सोडलं.

पाणी तेलावरून ओघळून गेलं. टिटवीने मागे वळून रांगेत उभ्या असलेल्या सचिवांना म्हटलं, “काका, तुमचा साबण द्या ना जरा.”

सचिवांनी पुढे येऊन साबण दिला आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून ते तिथंच उभे राहिले. टिटवीने दोन्ही हातांवर भरपूर फेस केला, ओल्या फरशीवर मांडी घातली आणि आजीचा गुडघा धुवायला घेतला.