तळ्याकाठचं घर

साथ ओसरू लागली असं बातम्यांत सांगितलं आणि त्याच आठवड्यात बारक्याने तळ्याकाठचं घर ठरवून टाकलं. आधी ठरवलं, मग ताईला फोन केला.

बारक्या हे त्याचं लहानपणीचं नाव. आता तो दारातून वाकून आत येतो, पुलांचे आराखडे काढतो, पण घरच्यांसाठी अजून बारक्याच. बायकोबरोबर तो दुसऱ्या शहरात राहायचा. ताई त्याची थोरली बहीण. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती वडिलांकडे राहायला आली होती. पुढे हळूहळू वडीलच तिच्याकडे राहतात असं म्हणायची वेळ आली. बाबांची फुप्फुसं जुन्या दुखण्याने पार खिळखिळी झालेली, आणि कान तर त्याच्याही आधी गेलेले.

"मोकळी हवा आहे, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आपण चौघंच," बारक्या म्हणाला. "आणि हिचे दिवस भरत आले की मग कुठलं येणं आणि कुठलं जाणं. आत्ताच काय ते."

"तिथून इस्पितळ किती लांब आहे?"

"घाट उतरून जावं लागतं."

"म्हणजे लांबच की."

"ताई, काही व्हायचंच असेल तर घरातही होईल. तू त्यांना कोंडून ठेवलं आहेस. कैद्यालासुद्धा भेटायला माणसं येतात."

ताईला हे लागलं. लागलं, कारण त्यात तथ्य होतं.

ती कानाच्या यंत्रांच्या दवाखान्यात कामाला होती. आलेल्या माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवून किती ऐकू येतं ते तपासायचं, मग कानात मऊ लगदा भरून साचा घ्यायचा. वीतभर अंतरावर परका चेहरा आणि खिडकी नसलेली खोली, असं ते काम. म्हणून ती घरीही मास्क काढत नसे. खिडक्या सताड उघड्या, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, बाबांशी बोलणं दारातून. आणि इथेच सगळी गोम होती. बाबा इतकी वर्षं ओठांवरून बोलणं समजून घ्यायचे. मास्क आला आणि त्यांच्या लेखी घर मुकं झालं. ताई फळ्यावर लिहून दाखवायची: गोळी घेतली का, दूध तापवलं आहे, उद्या गॅसवाला येईल. पण फळ्यावर कुणी गप्पा मारत नाही. सुरुवातीला बाबा उलट काहीतरी बोलायचे, चेष्टा करायचे. मग नुसती मान हलवू लागले. हल्ली तर ताई घरात आलेलीही त्यांना कळत नसे, आणि कळली तरी ते खुर्चीतून मान वळवत नसत.

भावाबहिणीची रोज फोनवर खडाजंगी व्हायची. ती दारात उभी, बाबा समोर खुर्चीत बसलेले असायचे. आपल्यावरून दोन्ही मुलं हमरीतुमरीवर आली आहेत हे त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. त्यांना विचारावं असं दोघांनाही सुचलं नाही.

शेवटी ताई नरमली, पण अटी घालूनच. निघायच्या आधी कुणी बाहेर पडायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही, वाटेत कुठे थांबायचं नाही. "बरं, मास्तरीणबाई," बारक्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आपण जिंकलो याचा आनंद होता. ताईने फळ्यावर लिहिलं: बारक्या येतोय. आपण सगळे तळ्यावर जाणार. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्याच दुपारी कपाटातून आपले चांगले बूट काढून घासायला बसले.

रजेवर जाण्याआधी ताईने शेवटचा माणूस तपासला तो एक म्हातारा सुतार. जन्मभर करवतीच्या यंत्राशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. ती काय विचारते ते त्याला मास्कमधून समजेना. तिने मोठ्याने विचारलं, हातवारे केले, लिहून दाखवलं, तर त्याला वाचायचा चष्मा सापडेना. तो इतका ओशाळला की उठून निघालाच. "राहू द्या बाई," म्हणाला. "माझं काही खरं नाही. उगाच तुमचा वेळ गेला."

ताईला त्याच्या जागी बाबा दिसले. तिने मास्क हनुवटीखाली ओढला आणि सावकाश म्हणाली, "बसा. आता समजतंय का?"

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. समजावं म्हणून तोही मास्क खाली करून बोलू लागला. साचा घेऊन होईपर्यंत दोघं तसेच बोलत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ताई औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरत होती, तेव्हा सुताराच्या मुलीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "बाबांचा रिपोर्ट आला. साथीचाच ताप निघाला. तुम्ही त्यांच्या जवळ होता म्हणून म्हटलं कळवावं."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने कसेबसे आभार मानले, फोन ठेवला आणि सरळ तपासणी केंद्रावर जाऊन नाकातला नमुना दिला. निकाल उद्या संध्याकाळी, असं तिथल्या मुलीने सांगितलं. घरी परत आली ती मागच्या अंगणाकडून. आपल्या खोलीत शिरून तिने आतलं दार लावून घेतलं.

मग बारक्याला फोन लावला. तिचं बोलणं सुरू व्हायच्या आत त्याने फोन बायकोच्या हातात दिला.

"ताई, बाबांसाठी पाठीला लावायची उशी घेतली आहे," भावजय म्हणाली. "आणि मागची सीट त्यांनाच. तिथून सगळं दिसतं. तुमचं आवरलं का?"

"आवरतेय," ताई म्हणाली. खरं ओठांवर आलं होतं. ते तसंच गिळून ती म्हणाली, "सकाळी बोलू."

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. मन वकिलासारखं बाजू मांडत राहिलं. आपल्याला साधी शिंकही नाही. खोलीत होतो तो किती वेळ? बाबांजवळ आपण मास्क न लावता एकदाही गेलेलो नाही. गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या तर? निकाल चांगला आला तर कुणाला काही कळायचं कारणच नाही. आणि वाईट आला तर? इथे येऊन ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे बघायचं ती टाळत होती. ज्याचं नाव पत्त्यासकट विसरली असती त्या माणसाला तिने आपला चेहरा दाखवला होता. बापाला दाखवला नव्हता.

सकाळी गाडीचा हॉर्न वाजला. ताई मास्क लावून मागच्या अंगणातून वळसा घालून फाटकापाशी गेली. बारक्या हसत उतरला. भावजय पुढच्या सीटवर होती, दोन्ही हात पोटावर.

"तिथेच थांब," ताई म्हणाली. "जवळ येऊ नकोस."

तिने सगळं सांगितलं. मास्क खाली केल्याचंही सांगितलं. बारक्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरघळत गेलं.

"तू?" तो म्हणाला. "इतके दिवस मला धडे देत होतीस. दूधवाल्याकडे तोंड करून बोलू नकोस म्हणून. आणि तू?"

"हो. मीच."

"आणि काल फोनवर गप्प बसलीस. हिला या अवस्थेत घेऊन मी पहाटेपासून गाडी चालवतोय."

"हो."

तिने काही सारवासारव केली असती तर त्याला भांडता आलं असतं. तो फाटकावर हात आपटून मागे वळला, पुन्हा पुढे आला. "बरं, ऐक. तू राहा इथे. बाबांना मी नेतो. तुझ्यापासून लांब राहिले तर बरंच आहे की."

"माझं त्यांना लागलं असेल तर? ते गाडीत हिच्या मागे बसणार."

"लागलं नसेल. लागलंच असेल असं थोडंच आहे? तुझा निकाल तरी कुठे आलाय? ताई, मी त्यांना घेतल्याशिवाय जाणार नाही."

त्याचा आवाज चढला होता. गाडीतून भावजय दोघांकडे बघत होती. तिने फक्त आपल्या बाजूची काच वर घेतली, पार शेवटपर्यंत.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. बाबा चकचकीत बूट घालून, हातात बॅग घेऊन उंबऱ्यात उभे होते. मुलाला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की बारक्याने मान खाली घातली. बाबा पायरी उतरायला लागले.

ताईने दोन्ही हात आडवे केले. बाबा थबकले. फळा आत होता, आणि हे फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतंच. तिने त्यांना खुणेने आत जायला सांगितलं, खिडकी लावून घ्यायला सांगितलं. काय चाललं आहे ते न कळून त्यांनी तसं केलं. मग ती बाहेरून खिडकीपाशी गेली आणि काचेच्या अलीकडे उभी राहून तिने मास्क काढला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ.

"केवढी वाळलीस," ते म्हणाले.

बहिऱ्या माणसाचा तो मोठा आवाज काचेतूनही नीट ऐकू आला. ताईला रडू फुटत होतं, पण ओठ थरथरले तर त्यांना वाचता आलं नसतं. ती एकेक शब्द सुटा करून बोलली. सुतार. बंद खोली. मास्क. रिपोर्ट. मला झालं असेल. तुम्हालाही झालं असेल.

बाबांच्या कपाळावर आठी आली. "त्याच्यासाठी तोंड उघडं केलंस?"

"हो."

"त्याला कळलं का, तू काय म्हणतेस ते?"

"कळलं."

बाबांनी मान डोलावली. राग होता की नव्हता, हे तिला समजेना. मग ते म्हणाले, "आणि हा का ओरडतोय?"

"तुम्हाला घेऊन जातो म्हणतोय. मी नको म्हणतेय." ती थांबली. जो प्रश्न इतक्या आठवड्यांत विचारला नव्हता तो तिने आता विचारला. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"आता विचारतेस," बाबा म्हणाले. "दोघं माझ्या देखत भांडत होता. मी बहिरा आहे, आंधळा नाही."

त्यांनी बॅग खाली ठेवली. मग गाडीकडे बघत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बारक्या, पोरीला घरी ने. मी येत नाही. बाळ झालं की बघू."

"बाबा, अहो..." बारक्या फाटकापासून म्हणाला.

बाबांनी मान दुसरीकडे वळवली. ओठ दिसेनासे झाले की त्यांच्याशी वाद घालता येत नसे, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बारक्याने उशी फाटकावर टांगली आणि गाडी वळवली.

संध्याकाळी निकाल आला. ताईला लागण झाली होती. तिचं अंग दुखलं, चव गेली, यापलीकडे काही झालं नाही. बाबांची पहिली तपासणी चांगली निघाली, पण पुढे काही दिवसांनी त्यांना ताप चढला आणि एका सकाळी बोलताना धाप लागू लागली. रुग्णवाहिका पंधरा-वीस मिनिटांत दारात आली. इस्पितळात त्यांना प्राणवायू लावला. ताई घरात कोंडलेली आणि बारक्या दुसऱ्या शहरात फोनला चिकटलेला. आता ते दोघं भांडत नव्हते. इस्पितळातून काही कळलं की एकमेकांना सांगायचे, आणि काही कळलं नाही की तेही सांगायचे.

"तळ्यावर असतो तर घाट उतरेपर्यंत..." एकदा बारक्या म्हणाला. त्याने माफी मागितली नाही. तिनेही नाही.

बाबा घरी आले ते काठी टेकत. श्वास पूर्वीइतका पुरत नव्हता, पण जिभेला धार आली होती. लस येईपर्यंत ताई रोज खिडकीबाहेर जाऊन उभी राहायची आणि दोघं काचेतून गप्पा मारायचे. शेजारच्यांना त्या घरातलं सगळं कळू लागलं. सुतार बरा झाला आणि यंत्र न्यायला आला. ताईने मास्क न काढता ते त्याच्या कानात बसवलं. त्या दिवसानंतर घरात काय घडलं ते तिने त्याला सांगितलं नाही.

तळ्याकाठचं ते घर पुन्हा मिळालं नाही. पुढच्या वर्षी ते दुसरीकडेच गेले, एका लहान गावात, जिथे तळं नव्हतं आणि बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. बाबा झाडाखाली खुर्चीत बसून बहुतेक वेळ झोपायचे. बारक्या दोनदा वाट चुकला आणि दोन्ही वेळा नकाशाला दोष देऊन मोकळा झाला.

एका दुपारी भावजय बाळाला घेऊन ताईजवळ सावलीत येऊन बसली. बाळ नुकतंच झोपलं होतं.

"ताई, त्या सकाळी मला यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "आदल्या रात्रीपासून भीती वाटत होती. पण यांचा एवढा उत्साह, बोलायचा धीर झाला नाही. तुम्ही गप्प राहिला असता तर मी बोलले असते का, मला अजून सांगता येत नाही."

ऊन सरकून बाळाच्या पायांवर आलं होतं. ताईने आपली चटई मागे ओढली आणि भावजयीसाठी जागा केली.