रक्ताचा लेप

टोपलीखाली सात कबुतरं जिवंत होती. भिंतीच्या कडेला चार मुंडकी पडली होती. पितळी वाटीच्या काठावर एकोणीस माश्या होत्या. त्यापुढे मोजवेना.

धुळामामाच्या अंगावरून वारं जाऊन अठरा दिवस झाले होते. उजवी बाजू लुळी. मामा मेंढरं कातरायचा, आणि कातरणी दोन महिन्यांवर आली होती. हात आला नाही तर त्याची कात्री दुसऱ्याकडे जाणार, हीच त्याची धास्ती. चार दिवस गावचा वैदू नाथाजी रोज एक कबुतर कापून गरम रक्त मामाच्या हाताला चोळत होता. वर फडक्यात गुंडाळलेली तापती वीट. हात धुवायचा नाही, अशी ताकीद. काळे पापुद्रे तडकले होते आणि सडक्या मांसासारखा वास येत होता.

"ऊब शिरली की शीर मोकळी हुती," नाथाजी म्हणाला.

"शिरेला काही झालं नाही. हाताला हुकूम देणाऱ्या पेशी इथं असतात," मी मामाच्या डाव्या कानाच्या वर बोट ठेवलं. "त्यातल्या मेल्या."

"मग डोक्याला लावू का रगत?" नाथाजी हसला.

बयामामी हसली नाही. "कुटं बी लावा, पर हात येऊ द्या."

मी कोमट पाण्यानं मनगट धुतलं. पापुद्रा सुटला, त्याबरोबर कातडीही. खाली पिवळा पू. आणखी दोन दिवसांत विटेचा चटका हाडापर्यंत गेला असता.

"मामा, भाजताना कळलं नाही?" मी विचारलं.

"न्हाई रं गड्या. हात माजा हाय का, त्येच कळंना."

हुकूम देणाऱ्या पेशींना लागूनच स्पर्श कळणाऱ्या पेशी असतात. त्याही गेल्या होत्या. मी कुंपणाजवळ जाऊन ओकलो. परत आलो तेव्हा मामीनं टोपली उचलून कबुतरं सोडून दिली होती आणि नाथाजी रिकामी वाटी घेऊन शिव्या देत निघाला होता.

मामाला मिरजेला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, शेजारच्या पेशी थोडं काम शिकतात, पण रोज सराव हवा. जखम भरल्यावर मी शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रक्तदाबाचं यंत्र आणलं. पट्टा गुंडाळून वीसपर्यंत हवा भरायची आणि मामानं तो मुठीत दाबायचा. डाव्या मुठीनं काटा दोनशे दहावर गेला. कात्रीच्या मुठीवर पट्टा ठेवून मी ती मिटली, तेव्हा काटा नव्वदवर गेला; कातरायला एवढा जोर हवा. उजव्या मुठीत काटा वीसवरच राहिला.

मामीनं रोज शंभर वेळा मूठ दाबून घेतली.

एकविसाव्या दिवशी मामानं दात आवळून उजवी मूठ दाबली. काटा वीसवरून चौतीसवर गेला.